वाटाड्या जिम ब्रिजर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ, देशभक्त यांची चरित्रे आजवर येऊन गेली. यंदा संपादक मंडळींनी हे काम आमच्यावर सोपविले, आणि आम्ही सुचविलेले नाव ऐकून ती क्षणभर विचारात पडली. कारण हा मनुष्य ना आपल्या देशाचा, ना आपल्या धर्माचा. इतकेच नव्हे तर त्याला स्वतःची सहीदेखील करता येत नव्हती. अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या अरण्यात सापळे लावून जनावरे धरणारा, आणि पुढे धनिक शिकाऱ्यांना, लष्करी तुकड्यांना व बिऱ्हाडे घेऊन पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांना वाट दाखविणारा जिम ब्रिजर हा तो मनुष्य होय. ज्याने जन्मभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, त्या शिक्षकाने एका निरक्षराचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आम्ही अखेरीस देऊ.

अनाथ बालपण

जिमचा जन्म १७ मार्च १८०४ रोजी व्हर्जिनियातील रिचमंड या गावी झाला. तो आठएक वर्षांचा असता त्याचे कुटुंब मिसिसिपी नदीच्या काठी, सेंट लुई शहराच्या आसपास राहावयास गेले. त्या काळी सेंट लुई म्हणजे गोऱ्या वस्तीची जणू शेवटची वेसच होती. तिच्या पलीकडे गवताळ मैदाने, त्यांपलीकडे पर्वत, आणि त्या साऱ्या मुलखात तेथील मूळच्या इंडियन जमातींची वस्ती. तेथे गेल्यावर थोड्याच वर्षांत जिमची आई वारली, भाऊ गेला आणि पाठोपाठ वडिलांनीही डोळे मिटले. तेरा वर्षांच्या मुलावर आपला आणि बहिणीचा भार पडला. काही दिवस तरीवर काम करून पुढे तो एका लोहाराच्या हाताखाली उमेदवार म्हणून राहिला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. भाता, ऐरण आणि घण हीच त्याची शाळा.

१८२२ साली सेंट लुईच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. अ‍ॅश्ली आणि हेन्री या दोन गृहस्थांना मिसूरी नदीच्या उगमाकडे जाऊन केसाळ कातडी मिळविण्यासाठी शंभर धाडसी तरुण हवे होते. जिमला ती वाचता येणे शक्य नव्हते. कोणाच्या तरी तोंडून ती त्याच्या कानी आली असली पाहिजे. अठरा वर्षांचा जिम त्या टोळीत दाखल झाला, आणि पुढील सेहेचाळीस वर्षे त्याचे घर म्हणजे पर्वत हेच राहिले.

सापळ्याची विद्या

त्या काळी युरोपात प्रतिष्ठित माणसाच्या डोक्यावर जी उंच टोपी असे, ती बीव्हर नावाच्या प्राण्याच्या मऊ लवेपासून करीत. बीव्हर हा पाण्यात राहणारा, झाडे कुरतडून पाडणारा आणि ओढ्यांना बांध घालून तळी करणारा मोठा कुशल प्राणी आहे. त्याला धरण्याची रीत अशी: हिवाळ्यापूर्वी ओढे गोठण्याच्या आत, किंवा वसंतात बर्फ वितळल्यावर, कमरेइतक्या थंडगार पाण्यात उतरावयाचे. काठावर उतरल्यास माणसाचा वास राहतो आणि प्राणी सावध होतो. काठालगत चार बोटे पाण्याखाली सुमारे पाच पौंड वजनाचा पोलादी सापळा ठेवावयाचा, त्याची साखळी खोल पाण्यातील खुंटाला अडकवावयाची, आणि वर एक काडी रोवून तिला बीव्हरच्याच गंधग्रंथीतील द्रव लावावयाचा. त्या वासाने प्राणी येतो, पाय अडकतो, तो खोल पाण्याकडे धाव घेतो आणि सापळ्याच्या भाराने बुडतो. वर्षानुवर्षे थंड पाण्यात उभे राहून या लोकांचे सांधे तरुणपणीच धरत.

तथापि सापळा लावणे ही या विद्येची पहिली इयत्ता होय. खरी विद्या त्या मुलखात जिवंत राहण्याची. कोणत्या खिंडीत बर्फ केव्हा पडते, कोणत्या नदीला उतार कोठे, धूर दिसला तर तो मित्रांचा की शत्रूंचा, हे सारे जिम शिकला. आणि बरेचसे शिकला ते तेथील इंडियनांपासून, ज्यांच्या पिढ्या त्या डोंगरांत नांदल्या होत्या. त्याचे तिन्ही विवाह त्यांच्यातीलच स्त्रियांशी झाले. पहिली फ्लॅटहेड जमातीची, दुसरी यूट आणि तिसरी शोशोनी. तिघींचाही मृत्यू त्याला पाहावा लागला.

या आरंभीच्या काळातील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८२३ च्या उन्हाळ्यात ह्यू ग्लास नावाच्या त्यांच्या एका सोबत्याला ग्रिझली अस्वलाने फाडले. तो वाचणार नाही असे ठरवून टोळी पुढे गेली, आणि अखेरपर्यंत त्याच्यापाशी बसण्यासाठी दोघांना मागे ठेवण्यात आले. ग्लासचा प्राण लवकर जाईना, शत्रूचे भय वाढले. तेव्हा ते दोघे त्याची बंदूक घेऊन निघून गेले आणि तो मेल्याचे सांगते झाले. ग्लास मेला नाही. सरपटत, लंगडत तीनशेहून अधिक किलोमीटरांचा मुलूख तुडवून तो माणसांत आला. पुढे त्या दोघांतील लहानाची गाठ पडली तेव्हा त्याचे कोवळे वय पाहून ग्लासने त्याला क्षमा केली. तो लहान म्हणजे जिम ब्रिजर, असे पुढच्या काळात लिहिले गेले. इतिहासकारांचे त्याविषयी एकमत नाही. तो जिम असो वा नसो, अरण्यात मागे राहिलेल्या माणसाचे काय होते याची कहाणी त्याने त्या वयात जवळून पाहिली एवढे निश्चित.

१८२४-२५ च्या हिवाळ्यात बेअर नदी कोठे जाऊन मिळते याविषयी सोबत्यांत पैज लागली. जिम चामड्याच्या होडीतून प्रवाहाबरोबर खाली गेला आणि एका अफाट जलाशयाशी पोहोचला. पाणी तोंडात घेतले तो खारट! आपण महासागराच्या फाट्यापाशी आलो असा त्याचा समज झाला. ते उटाहमधील खारे सरोवर होते. इंडियनांना ते पूर्वापार ठाऊक होते; पण तेथवर गेलेल्या पहिल्या गोऱ्या माणसांत जिमची गणना होते.

पुढे १८३० साली तो आणि त्याचे चार सोबती एका कातड्यांच्या कंपनीचे मालक झाले. १८३२ साली ब्लॅकफूट इंडियनांशी झालेल्या चकमकीत त्याच्या पाठीत बाण घुसला. दांडी निघाली, पाते आत राहिले. आणि ते तीन इंची लोखंड पाठीत वागवीत तो तीन वर्षे डोंगर चढत उतरत होता. १८३५ साली ग्रीन नदीकाठी भरलेल्या वार्षिक मेळ्यात मार्कस व्हिटमन या मिशनरी डॉक्टरांनी साऱ्या लोकांदेखत, भूल न देता, ते कापून काढले. जिम जागचा हलला नाही.

या डॉक्टरांवर त्याचा मोठा विश्वास बसला. पुढे त्यांनी ऑरेगॉन प्रांतात मिशन आणि शाळा काढली, तेव्हा या निरक्षर बापाने आपली मुलगी मेरी अ‍ॅन तेथे शिकावयास पाठविली. आपल्याला जे लाभले नाही ते लेकरास लाभावे, ही इच्छा रॉकी पर्वतातही तीच आणि सह्याद्रीतही तीच. परंतु १८४७ साली तेथे गोवराची साथ आली, इंडियन बालके मरू लागली, आणि चिडलेल्या केयूस जमातीच्या काही लोकांनी डॉक्टर, त्यांची पत्नी व इतर अनेक जण यांना ठार मारले. मेरी अ‍ॅन त्या हल्ल्यातून वाचली. पण पुढच्याच वर्षी तिला मृत्यूने गाठले. तिचे वय तेव्हा दहाबारा वर्षांचे होते.

वाटेवरचे ठाणे

दरम्यान धंद्याचे दिवस पालटले होते. युरोपात रेशमी टोप्यांची चाल पडली, इकडे ओढ्यांतील बीव्हरही संपत आले, आणि १८४० नंतर वार्षिक मेळा भरेनासा झाला. १८४३ साली जिमने लुई वास्केझ या भागीदारासह ग्रीन नदीच्या एका फाट्यावर ठाणे उभारले. पश्चिमेकडे वस्तीस निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या तेथून जात. त्यांची चाके दुरुस्त करावी, बैलांना नाल ठोकावेत, धान्य विकावे; लहानपणची लोहारकी अशी कामी आली. फोर्ट ब्रिजर या नावाने ते ठाणे पुढे प्रसिद्ध झाले.

येथेच त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा डाग लागला, आणि तो झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १८४६ च्या जुलैमध्ये डॉनर आणि रीड या कुटुंबांची मंडळी तेथे आली. खाऱ्या सरोवराच्या दक्षिणेने जाणाऱ्या एका नव्या जवळच्या वाटेची तेव्हा चर्चा होती. ती वाट रूढ झाली तर ठाण्याचा व्यापार चालणार होता, नाही तर बसणार होता. जिमने त्या वाटेची भलावण केली. त्याच मंडळींसाठी एका पुढे गेलेल्या प्रवाशाने ती वाट धरू नका अशी पत्रे ठाण्यावर ठेवली होती. ती त्यांना मिळाली नाहीत, आणि मुद्दाम दिली गेली नाहीत असा ठपका पुढे ठेवण्यात आला. मंडळी नव्या वाटेने गेली, तिने त्यांचे दिवस खाल्ले, आणि सिएरा नेवाडाच्या माथ्याजवळ हिमवर्षावाने त्यांना कोंडले. ८७ माणसांपैकी जवळजवळ निम्मी भुकेने व थंडीने मेली. त्या पत्रांचे काय झाले ते सिद्ध झाले नाही. पण वाटाड्याचा शब्द आणि व्यापाऱ्याचा शब्द एकाच तोंडातून निघाला म्हणजे काय होते, याचा हा दाखला आहे.

लक्ष्मीपुत्राची शिकार

सर जॉर्ज गोर नावाचा एक गर्भश्रीमंत आयरिश उमराव १८५४ साली मोठ्या शिकारीसाठी अमेरिकेत आला. त्याच्या लवाजम्यात चाळीसएक माणसे, शंभरावर घोडे, २७ गाड्या व खटारे, आणि शिकारी कुत्र्यांचा मोठा जथा होता. पट्ट्यापट्ट्यांचा तंबू, त्यात गालिचा आणि पितळी पलंग, असा थाट. फोर्ट लॅरमी येथे त्याने जिमला वाटाड्या म्हणून ठेवले, आणि पावडर व टंग या नद्यांच्या काठाने, क्रो आणि लाकोटा लोकांच्या मुलखातून, हा सारा संसार हिंडला. हिवाळ्यात अशा लवाजम्याला चारापाणी कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा, कोणत्या जमातीशी कसे बोलावे, ही सर्व चिंता जिमची.

साहेब उन्हे वर आल्यावर उठत, स्नान आणि न्याहरी करून शिकारीस निघत आणि रात्री उशिरा परतत. मग जेवणास जिमला बोलावीत, आणि जेवणानंतर त्याला पुस्तके वाचून दाखवीत: शेक्सपिअरची नाटके, वॉटर्लूच्या लढाईचा वृत्तांत, मुंचाउसेन सरदाराच्या अद्भुत थापा. जिम मन लावून ऐके आणि आपले मत देई. फॉलस्टाफ त्याला जरा जास्तच पिणारा वाटला. मुंचाउसेनवर त्याचा विश्वास बसला नाही; मात्र आपल्यावर गुदरलेले प्रसंग लिहिले तर तेही असेच वाटतील, असे त्याने कबूल केले. शेक्सपिअरची गोडी त्याला अशी लागली की पुढे एका हिवाळी छावणीत त्याने एका प्रवाशाकडून बैलजोडी देऊन ते पुस्तक घेतले आणि वाचून दाखविण्यासाठी पगारी मुलगा ठेवला, असे त्याच्यासोबत राहिलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेविले आहे. वाचता न येणाऱ्याने पुस्तकासाठी बैलजोडी द्यावी, आणि ज्यांना वाचता येते त्यांची पुस्तके कपाटात धूळ खात पडावीत, याचा आपण प्रत्येकाने घरी जाऊन विचार करावा.

पण या शिकारीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंडियन खात्याच्या एजंटाने सरकारला कळविले त्याप्रमाणे या एका माणसाच्या शिकारीत १०५ अस्वले, सुमारे २००० बायसन (अमेरिकेतील रानगवे), आणि एल्क व हरणे मिळून १६०० जनावरे मारली गेली. इंडियन लोकांचे अन्न, वस्त्र आणि तंबू हे सारे बायसनवर चाले. त्यांनी तक्रार केली. तिचा उपयोग झाला नाही. उमराव मायदेशी परतला. वाटाड्याने आपली माणसे सुखरूप परत आणली, त्याचे काम चोख झाले. मात्र ज्या अरण्याने त्याला तीस वर्षे पोसले, त्याच्या वतीने बोलण्यास त्या सफरीत कोणी नव्हते. पुढे व्यापारी शिकाऱ्यांनी रेल्वेच्या साह्याने जो संहार केला तो याहून कितीतरी मोठा. कोट्यवधी बायसनांपैकी १८८९ च्या सुमारास हजाराच्या आसपास शिल्लक राहिले.

न मानलेला शब्द

जिमला कागदावर लिहिता येत नसले तरी कोळशाने कातड्यावर किंवा काडीने मातीत तो शेकडो कोसांचा नकाशा काढी. नद्या, त्यांचे फाटे, खिंडी, सर्व बिनचूक. १८५० साली त्याने कॅप्टन स्टॅन्सबरी यांना जलविभाजक ओलांडणारी जी खिंड दाखविली, ती आज ब्रिजर पास या नावाने ओळखली जाते. १८५९-६० साली कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्या शोधपथकाला विंड नदीकडून थेट यलोस्टोनकडे जावयाचे होते. त्या बाजूने डोंगर ओलांडता येणार नाही असे जिमने आधीच सांगितले होते, आणि प्रत्यक्षात तसेच घडले. यलोस्टोनमधील उकळत्या झऱ्यांची आणि आकाशात उडणाऱ्या कारंज्यांची वर्णने तो करी, तेव्हा लोक हसत. शेकोटीभोवती नवख्यांना थापा मारण्याची त्याला हौस होती हेही खरे; त्यामुळे खरे आणि खोटे ऐकणाऱ्यांना वेगळे करता येईना. १८७२ साली त्याच प्रदेशाला अमेरिकन सरकारने जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केले.

१८६४ साली माँटानाच्या सोन्याच्या खाणींकडे लोकांची रीघ लागली. जवळची वाट लाकोटांच्या शिकारीच्या मुलखातून जात होती. जिमने बिगहॉर्न पर्वताच्या पश्चिमेने, अधिक कोरड्या प्रदेशातून, दुसरी वाट काढली; कारण पहिल्या वाटेवर रक्त सांडणार हे तो जाणून होता. तरी सरकारने पहिल्याच वाटेवर किल्ले बांधले. तेथील फोर्ट फिल कर्नी येथे वाटाड्या असता जिमने तरुण अधिकाऱ्यांना शत्रूस कमी लेखू नका असे बजावले होते. २१ डिसेंबर १८६६ रोजी कॅप्टन फेटरमन टेकडीपलीकडे पाठलाग करीत गेले आणि त्यांच्यासह ८१ जण मारले गेले. दोन वर्षांनी तह होऊन ते किल्ले सोडून द्यावे लागले.

अखेरचे दिवस

१८६८ साली जिम मिसूरीतील आपल्या शेतावर परतला. सांधे धरले होते, दृष्टी मंदावत होती. फोर्ट ब्रिजर त्याच्या हातून पूर्वीच गेले होते. १८५३ साली मॉर्मन पंथीयांशी बिघडल्यामुळे त्याला ते सोडून पळावे लागले, आणि १८५७ साली त्याने ते लष्कराला वर्षाला ६०० डॉलर भाड्याने दिले. करारावर त्याने सहीऐवजी फुली केली. मात्र जमिनीवरील हक्काचा लेखी पुरावा नाही या सबबीवर भाडे अडकले. म्हातारपणी दुसऱ्याकडून पत्रे लिहवून तो वरपर्यंत दाद मागत राहिला. त्याच्या हयातीत त्याला काही मिळाले नाही. मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १८९९ साली, वारसांना थोडीफार भरपाई मिळाली.

१८७५ पर्यंत त्याला पूर्ण अंधत्व आले. मुलगी व्हर्जिनिया हिने त्याची सेवा केली. ज्याने हजारोंना वाट दाखविली, तो एका जुन्या गरीब घोड्यावर बसून शेताभोवती फिरे आणि घोडा त्याला घरी आणून सोडी. १७ जुलै १८८१ रोजी त्याचे देहावसान झाले. १९०४ साली रेल्वेचे जुने इंजिनिअर जनरल डॉज यांनी त्याच्या अस्थी सन्मानाने दुसऱ्या दफनभूमीत हलवून वर स्मारक उभारले.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. आमच्या नोकरीच्या काळात आम्ही एकदा मुलांची सहल घेऊन सह्याद्रीतील एका गडावर गेलो होतो. परतताना धुके उतरले, वाट हरवली, आणि चाळीस मुले घेऊन आम्ही कड्याच्या बाजूस चाललो होतो. तेव्हा वर्गातील एक मुलगा, गुराख्याचा पोर, पुढे झाला. दगडावरचे शेवाळ आणि पाण्याचा आवाज यांच्या अनुरोधाने त्याने आम्हा सर्वांस खाली आणले. पुढच्याच आठवड्यात भिंतीवरच्या नकाशात नदी दाखविता आली नाही म्हणून आम्ही त्याच मुलाला सर्वांसमोर उभे करून अडाणी म्हटले. सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. ब्रिजरचे चरित्र वाचताना तो मुलगा आम्हांस पुनःपुन्हा आठवला.

शिक्षक हाही वाटाड्याच होय. त्याच्या शब्दावर विश्वासून आईबाप लेकरे स्वाधीन करतात. मागे कोणी राहिला तर जो पुढे चालला त्याने जाब दिला पाहिजे. ज्याच्या हातात विद्या आहे त्याला अक्षरशत्रू म्हणून हिणवू नये, आणि त्याला अक्षरावाचून ठेवूही नये. कारण अक्षर नसले तर डोंगरांचा राजाही करारावर फुली करून आपले ठाणे गमावतो. आपल्या मंडळाचा विद्यार्थी साहाय्य निधी याच कामासाठी आहे. ज्ञातिबंधुभगिनींनी आपापल्या गावी शाळा सोडलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल तर एकदा त्यांच्या घरी जाऊन यावे, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे.